स. न. वि. वि.

गेल्या अकरा वर्षांत मी फक्त सात पत्रे लिहिली आहेत, असा शोध माझ्या भाचीने लावला, तेव्हा खरे सांगायचे तर मला थोडा रागच आला. रोज रात्री जेवणे आटोपली की मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत संगणकापुढे बसतो आणि दीड-दोन तास गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरे लिहितो, हे आमचे सारे घर जाणते. त्या वेळेला मला कोणी हाक मारत नाही. चहासुद्धा आवाज न करता ठेवला जातो. लेखकमंडळींना घरात जो मान मिळत असेल असे मी ऐकतो, तो मला ह्या दोन तासांपुरता मिळे. आणि ही मुलगी म्हणते, सात!

"मामा, मी तू पाठवलेली सगळी मेल चाळली," ती म्हणाली. "हजाराच्या वर आहेत. पण पत्रं सातच आहेत. तीच तीच तू पुन्हा पुन्हा लिहितोस. कधी 'आपले पत्र पावले', कधी 'आपले पत्र मिळाले', एवढाच फरक."

फोटोग्राफरचा धंदा म्हणजे फोटो काढणे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. मलाही वडिलांच्या हाताखाली उभा राहीपर्यंत तसेच वाटे. आमचा स्टुडिओ सांगलीत, १९५८ सालचा. वडील निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटच करीत आणि देवीचे व्रण घालवून देण्यात त्यांचा हातखंडा होता. फोटो तयार झाले की ते गावोगावच्या गिऱ्हाइकांना कार्ड टाकीत. वर मधोमध 'श्री', मग 'स. न. वि. वि.', मग 'आपले फोटो तयार आहेत, सवडीने घेऊन जावेत, बाकी रुपये चार', आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा ही विनंती'. वडिलांचे अक्षर वाईट होते. 'बाकी रुपये चार' एवढे मात्र ते फार वळणदार काढीत.

आता सांगलीतली मुले पुण्याला, बंगळूरला, थेट अमेरिकेलाही जाऊन राहिली आहेत, आणि लग्नाला तेवढी गावी येतात. त्यामुळे सारा व्यवहार मेलवर. एका लग्नाचे पंचवीस-तीस निरोप सहज होतात. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांची जी रीघ लागते, ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत; आणि मोसमात अशी दहा-बारा घरे एकाच वेळी बोलत असतात. एकाला दुसऱ्याची तारीख कळवणे, एकीला दुसरीच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारणे, हे सारे प्रकार मी केलेले आहेत.

तेव्हा एका रविवारी भाचीने माझी सात पत्रे निवडून काढली आणि त्यांचे साचे केले. तिच्या भाषेत टेम्प्लेट. चौकशीला उत्तर हे पहिले. तारीख पक्की केल्याचे दुसरे. लग्नाच्या आदल्या आठवड्याचे तिसरे. फोटो तयार झाल्याचे चौथे, अल्बमसाठी निवड करा हे पाचवे, बाकीची आठवण सहावे, आणि वर्षाने लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, हे सातवे. प्रत्येकात नावाची, तारखेची, रकमेची जागा कंसात रिकामी. कळ दाबली की पत्र उभे राहते. कंस भरायचे आणि धाडून द्यायचे.

साचे करताना आमचे बरेच वाद झाले. पहिल्या पत्रावरच एक संध्याकाळ गेली. लोक विचारतात एका ओळीत : "रेट काय?" ह्यावर मी चार परिच्छेद लिहीत असे, त्यात वडिलांचा उल्लेख येई, कॅमेऱ्याच्या भिंगांचा येई. भाचीने ते सगळे खोडले. तिचे म्हणणे, पत्रात तीनच गोष्टी असाव्यात : त्यांची तारीख मोकळी आहे की नाही, एवढ्या पैशांत काय काय मिळेल, आणि शेवटी एक प्रश्न. "प्रश्न कशाला?" मी विचारले. "नुसता दर सांगितलास तर ते दर घेऊन पुढच्या दुकानात जातील. 'लग्न कोणत्या कार्यालयात आहे, मुहूर्त सकाळचा की गोरज?' असं विचारलंस तर उत्तर द्यावं लागतं." मला हे अगदी पटले नाही, पण त्या मोसमापासून उत्तरे येऊ लागली हे खरे.

तिसऱ्या पत्रात मी हट्टाने एक कलम घातले. घरच्या ग्रुपफोटोंची यादी आधी द्यावी आणि दोन्ही बाजूंचा एकेक माहितगार माणूस आमच्याबरोबर नेमावा. कारण वराची आत्या कोण आणि शेजारीण कोण, हे फोटोग्राफरला चेहऱ्यावरून समजत नाही, आणि ज्या आत्याचा फोटो राहतो ती पुढे वीस वर्षे ते विसरत नाही. 'मुहूर्तापूर्वी अर्धा तास वधू तयार असावी' असेही एक वाक्य त्या पत्रात आहे. ते आजवर कोणी पाळलेले नाही. पण काढून टाकवत नाही.

सहाव्या पत्राने मात्र माझ्यावर उपकार केले. मराठी माणसाला आपलेच पैसे मागताना चोरी केल्यासारखे वाटते. मी बाकी मागण्यापूर्वी हवापाण्याचे विचारी, मुलगी सासरी रुळली का विचारी, आणि मग धीर खचून पत्र तसेच संपवी. साच्याला हा संकोच नाही. तो तीन ओळींत, अत्यंत नम्रपणे आणि मुळीच न लाजता बाकी मागतो. पत्र गेल्यावर मी स्वतःला सांगे, हे काही मी मागितले नाही. हे त्या संगणकाने मागितले.

मायन्याचा प्रश्न शेवटी निघाला. भाची 'डियर सर' वर आली होती. मी म्हटले, वर 'श्री' आणि खाली 'स. न. वि. वि.' हे राहिलेच पाहिजे. "म्हणजे काय?" तिने विचारले. "सप्रेम नमस्कार विनंती विशेष." ती हसली. "मग हे टेम्प्लेटच की रे!"

मला उत्तर सुचले नाही. खरेच की. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', लग्न ठरलेल्या मुलीला 'चि. सौ. कां.', नमस्कार कोणाला साष्टांग आणि कोणाला सप्रेम, हे सारे आपल्या पूर्वजांनी ठरवून टाकले होते. यादवांच्या हेमाद्रीच्या नावावर जे मेस्तक सांगतात, त्यातही कोणाला कसे लिहावे ह्याचे मायने आहेत. आणि तारा? लहानपणी वडिलांबरोबर तारघरात गेलो की मी शुभेच्छांच्या वाक्यांची क्रमवार यादी वाचीत उभा राहत असे. दिवाळीच्या शुभेच्छा एक नंबर. दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा आठ नंबर. तारेत नुसता आकडा द्यायचा. पलीकडच्या गावी त्याचे वाक्य होऊन ते मांडवात पोचे. माझ्या मामाच्या लग्नात असे कितीतरी आठ आले होते, आणि मामीने त्या तारा ट्रंकेत जपून ठेवल्या. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले, त्या दिवशी मला त्या ट्रंकेची आठवण झाली होती. सगळ्यांचे वाक्य एकच, अक्षरही तारबाबूचे. तरी तिने त्यांतली एकही टाकली नाही.

आमचा वाद स्वयंपाकघरात ऐकू जात होताच. दिवाळीचे दिवस, बायको चकल्या पाडीत होती. तिथूनच ती म्हणाली, "सोऱ्या सगळ्यांकडे तोच असतो. चकली बिघडते ती भाजणीनं." त्यावर कोणी काही बोलले नाही.

पहिली फजिती लौकरच झाली. कंस भरायला मी विसरलो आणि एका मुलीला 'प्रिय (वधूचे नाव) आणि (वराचे नाव)' असे पत्र गेले. तिने उलट टपाली लिहिले : "लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हे आमच्याकडे अजून ठरलेले नाही. आपण जागा रिकामी ठेवलीत हे बरे झाले." अशी गिऱ्हाइके असली तर धंदा करावासा वाटतो.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच गिऱ्हाइकाविषयी.

२०२२ च्या मे महिन्यातले लग्न. पत्रव्यवहार करीत होते ते मुलीचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आजकाल मुलेमुलीच हे सारे ठरवतात, वडील फक्त पैसे देतात. ह्या गृहस्थांनी सगळे आपल्याकडे घेतले होते. माझे पहिले साच्यातले पत्र गेले, त्याला त्यांचे उत्तर आले ते असे : "आपले सविस्तर पत्र पावले. आपण कामाच्या गर्दीत वेळ काढून एवढे आपुलकीने लिहिलेत, ह्याबद्दल आभारी आहे." पुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून सहा मुद्दे. खाली 'कळावे, लोभ असावा'. मी ते वाचले आणि इकडेतिकडे पाहिले. माझा वेळ गेला होता तो कंस भरण्यापुरता, फार तर मिनिटभर. त्यांनी तासभर तरी खर्ची घातला असावा. पुढच्या प्रत्येक साच्याला त्यांनी असेच पत्र लिहिले. तिसऱ्याच्या उत्तरात तर माहितगार माणसे म्हणून दोन नावे, त्यांचे नाते आणि ती कोणत्या रंगाचे फेटे बांधणार आहेत, एवढे होते. मुहूर्तापूर्वी अर्धा तास वधू तयार ठेवण्याविषयी त्यांनी लिहिले होते, "प्रयत्न करू. खात्री देता येत नाही." वधू चाळीस मिनिटे उशिरा आली, आणि त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाहून हात जोडले.

लग्नानंतर चौथे पत्र गेले, पाचवे गेले, आणि त्यांचे उत्तर आले नाही. त्या सालापासून भाचीने आणखी एक सोय करून दिली होती. उत्तर आले नाही की पंधरा-पंधरा दिवसांनी आठवणीचे पत्र आपोआप जाई. मला हातही लावावा लागत नसे. तशी तीन पत्रे गेली. त्यात एक वाक्य माझेच आहे, मी त्यावर खूष होतो : 'आपल्या घरचे आनंदाचे क्षण आमच्याकडे आपली वाट पाहत आहेत.' शेवटी बाकीची रक्कम.

ऑगस्टमध्ये त्याच पत्त्यावरून उत्तर आले. मी मोठ्या उत्सुकतेने उघडले, मुद्दे किती आहेत हे पाहायला.

"काका, बाबा ११ जूनला गेले. त्यांची मेल मी आज पहिल्यांदा उघडली. तुमची पत्रे होती. अल्बमची निवड करायला अजून बसवत नाही, ती सावकाश करीन. बाकीचे पैसे पाठवते. एकच विचारायचे आहे. बाबांचा एकट्याचा, समोर पाहणारा एखादा फोटो आहे का? पेपरात द्यायला घरात एकही मिळाला नाही. शेवटी आधार कार्डावरचा दिला."

त्यात रागाचा एक शब्द नव्हता. असता तर बरे झाले असते.

पूर्वी दुःखाची बातमी देणाऱ्या कार्डावर 'श्री' लिहीत नसत. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना कुंकू लागे, आणि मृत्यूचे कार्ड 'श्री'वाचून येई. माझी आई कार्ड हातात घेताच आधी वरची जागा पाही. ती कोरी असली की वाचण्यापूर्वीच तिला कळे. वाचून झाल्यावर ते कार्ड फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. त्या जुन्या साच्यांत माणूस गेल्याची सोय होती. माझ्या सातांत नव्हती. मेलेल्या माणसाला मी तीन वेळा 'श्री' घालून आनंदाच्या क्षणांची आठवण केली होती, आणि ते मला ठाऊकही नव्हते.

मी त्या लग्नाचे फोटो काढून बसलो. चार हजारांवर होते. रात्री अकरापर्यंत पाहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. गृहस्थ साठ-एक फोटोंत सापडले. आणि कसे सापडले! एकात पाठमोरे, आचाऱ्याशी बोलताना. एकात अर्धे, व्याह्यांच्या खांद्यामागे. बऱ्याच फोटोंत ते कडेला नुसते पुसट, कारण ते चालत होते आणि माझे भिंग मुलीवर रोखलेले होते. कन्यादानात तेवढे मध्यभागी. पण मान खाली, आणि भटजींचा हात नेमका चेहऱ्यावरून गेलेला. ग्रुपफोटोंत ते डोळे बारीक करून पलीकडे पाहत होते, बहुधा पुढच्या पंगतीकडे.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की साचा काही भाचीने आणलेला नाही. मी गेली पस्तीस वर्षे साच्यानेच फोटो काढतो आहे. हळद, गौरीहर, अंतरपाट, हार, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, पाठवणी. यादी डोक्यात पक्की आहे. झोपेतही चुकणार नाही. तिच्यात वधूच्या मेंदीचे सहा फोटो आहेत, चपलांचा एक आहे. वधूपित्याचा एकट्याचा नाही. त्यांनी मला इतकी पत्रे लिहिली, मी त्यांना एकदाही 'जरा उभे राहा' म्हटले नव्हते.

तिसऱ्या दिवशी माझ्या हाताखालच्या मुलाने सुचवले, "सर, ट्रायलचे शॉट बघू या?" कार्यालयात पोचल्याबरोबर प्रकाश तपासायला तो दोन-चार फोटो काढतो. ते गिऱ्हाइकाला द्यायचे नसतात. पुष्कळदा पुसूनच टाकतो. सुदैवाने मूळ प्रती मागच्या डिस्कवर राहिल्या होत्या.

पहिल्याच फोटोत ते होते. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. सारे कार्यालय रिकामे, खुर्च्या एकमेकींवर रचलेल्या. त्यांतली एकच खाली काढून ते पहिल्या रांगेच्या जागी बसले होते. नवा सदरा, मांडीवर न बांधलेला फेटा, चष्मा कपाळावर. आणि ते सरळ कॅमेऱ्याकडे पाहून हसत होते. मुलाला आठवले. ते म्हणाले होते, "अहो, माझा काय काढताय? फिल्म फुकट जाईल." फिल्मचे दिवस केव्हाच गेले, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

फोटो काळोखा होता आणि कार्यालयाच्या दिव्यांनी पिवळा पडला होता. तो मी दोन रात्री बसून उजळला. वडिलांची पेन्सिल असती तर ती वापरली असती. सुरकुत्यांना मात्र हात लावला नाही.

मग पत्र. ते लिहायला फोटोपेक्षा जास्त वेळ लागला. सवयीने मी साचा उघडला, वरचे 'श्री' पुसले, आणि तसाच बसलो. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असे लिहिले आणि खोडले. ते तारेच्या यादीतले वाक्य वाटले. शेवटी जे लिहिले ते चार ओळींचे होते. फोटो सोबत आहे. तो सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काढलेला आहे, त्या वेळी कार्यालयात दुसरे कोणी नव्हते. बाबा त्या आधीपासून येऊन बसले होते. जून-जुलैत माझी जी पत्रे आली ती मी न पाहता गेली, त्याबद्दल क्षमा करावी. पैशांचे राहू द्यावे.

दोन दिवसांनी तिचे उत्तर आले. फोटो मोठा करून आईच्या खोलीत लावला होता. पैसे तिने पाठवलेच. बाबांच्या वहीत आमच्या नावापुढे बाकी लिहिलेली होती, ती तशी ठेवणे त्यांना आवडले नसते, असे तिने लिहिले होते. आणि खाली आणखी दोन ओळी : "क्षमा कशाला काका? तुमचे पहिले पत्र बाबांनी आईला मोठ्याने वाचून दाखवले होते. म्हणाले, एवढं व्यवस्थित लिहिणारा माणूस कामही व्यवस्थित करील."

ते पत्र हजार गिऱ्हाइकांना गेलेले आहे, हे तिला कळवावे की काय, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. कळवले नाही. अजूनही कधी कधी वाटते की कळवायला हवे होते; कधी वाटते, त्यांना ते आपुलकीचे वाटले ना, मग ते होते. मामीच्या ट्रंकेतल्या तारांचे काय सांगणार?

साचे चालू आहेत. त्यांच्यावाचून आता माझे चालणार नाही, आणि चकलीबद्दल बायको म्हणाली ते खरे आहे. आपोआप जाणारी पत्रे तेवढी मी बंद केली. आठवणीचे पत्र धाडायचे तर आधी मी स्वतः फोन करतो. भाचीला हे पसंत नाही. "मामा, ह्यात तुझा रोज अर्धा तास जातो," असे ती बजावते. जातो खरा.

आणि हाताखालच्या मुलाच्या यादीत मी एक ओळ घातली आहे, अगदी वर, मेंदीच्याही आधी. त्याच मोसमातले पहिले लग्न मिरजेला होते. सकाळी सातला आम्ही पोचलो, तो वधूपिता दारातच भेटला. एका हातात हार, दुसऱ्यात मोबाइल, काखेत नारळांची पिशवी. आमच्या मुलाने विचारले, "काका, तुमचा एकट्याचा एक फोटो काढू का?"

"माझा? माझा कशाला?" ते म्हणाले. "आधी तिकडे चला, फुलवाल्यानं घोळ घातलाय!" आणि चालू लागले. मुलगा कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे पळाला.